कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : टिकाऊ यंत्राचे उपासक

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयाची ती केवळ त्यांचे गुणगान करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या आरशात आपले स्वतःचे रूप एकदा न्याहाळून पाहण्यासाठी. हे रूप नेहमीच मनास सुखविणारे असते असे नाही. परंतु ते पाहिल्यावाचून सुधारणेचा मार्गही दिसत नाही.

आपल्या पांचाळ ज्ञातीच्या स्मरणिकेत एका ब्राह्मण कुळातील गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही ज्ञातिबांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या लोखंडावर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घण घातले, त्याच लोखंडाच्या सेवेत ह्या गृहस्थांनी आपले सारे आयुष्य वेचले. आपले तरुण भाता व ऐरण सोडून कचेरीच्या खुर्चीकडे धावू लागले, त्याच्या कितीतरी आधी पांढरपेशा घरातील हा पुरुष उलट दिशेने निघाला आणि भट्टीपाशी येऊन उभा राहिला. आपण जे टाकले ते त्याने का उचलले, आणि उचलून त्याचे काय केले, हे जाणून घेणे म्हणूनच आपल्या ज्ञातीस विशेष अगत्याचे आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील मलप्रभा नदीकाठच्या गुर्लहोसूर ह्या गावी २० जून १८६९ रोजी झाला. मुलाने विद्या संपादावी, एखादी प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्या काळी अशा घरांतून अपेक्षा असे. परंतु लक्ष्मणरावांचे चित्त शाळेच्या पुस्तकांत फारसे रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींचा छंद होता : एक चित्रे काढण्याचा व दुसरा यंत्रे न्याहाळण्याचा. त्यांचे वडील बंधू रामूअण्णा ह्यांनी आर्थिक भार उचलला, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस येऊन सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

येथे दैवाने त्यांची पहिली परीक्षा पाहिली. सुमारे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर असे आढळून आले की, त्यांच्या दृष्टीत रंगांधळेपणाचा अंश आहे. ज्याला रंगांतील भेद नीट कळत नाही त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा तरुण खचून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाही. तेथे हवी अचूक नजर, स्थिर हात आणि मापाविषयी निष्ठा. ह्या विषयात त्यांनी प्रावीण्य मिळविले व त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते साहाय्यक शिक्षक झाले.

ही संस्था १८८७ साली स्थापन झाली. आज आपल्या शीवच्या शेजारी माटुंग्यास तिची भव्य वास्तू आहे, आणि १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. माटुंग्यास ती १९२३ साली आली. लक्ष्मणरावांच्या काळी ती भायखळ्यास होती. तेथे वर्गात आकृती शिकवावी आणि फावल्या वेळी कारखान्यात जाऊन स्वतःचे हात तेलात व लोखंडाच्या किसात माखून घ्यावेत, असा त्यांचा क्रम असे. यंत्र कागदावर कसे दिसते व प्रत्यक्षात कसे वागते, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने जाणण्याचा हा योग त्यांच्या पुढील कर्तृत्वाचा पाया ठरला.

शिक्षकी पेशातील अन्यायाचा अनुभवही त्यांना येथेच आला. ज्या बढतीवर त्यांचा हक्क होता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि पुन्हा कोणाची चाकरी करावयाची नाही असा मनाशी निश्चय करून ते बेळगावास गेले. तेथे रामूअण्णांच्या साहाय्याने दोघां भावांची सायकलींची पेढी चालत होती. किर्लोस्कर बंधू ह्या पेढीचा आरंभ १८८८ सालचा मानतात. सायकल हे त्या वेळी नवलाचे वाहन होते. ती विकावयाची, दुरुस्त करावयाची आणि गिऱ्हाइकास चालविण्यासही शिकवावयाचे, अशी तिहेरी कामगिरी ह्या बंधूंनी केली.

परंतु परदेशी माल विकणे हे काही त्यांचे अंतिम ध्येय नव्हते. आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतकरी. तेव्हा यंत्र करावयाचे ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. लहानशा जागेत त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला. नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जावयास सुमारे दोन वर्षे लागली. मनुष्याच्या धैर्याची कसोटी ह्याहून अधिक ती कोणती?

येथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. शेतकऱ्याची ती समजूत चुकीची होती खरी, परंतु तिच्यामागील भीती अगदीच निराधार नव्हती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो त्याच दिवशी नीट करून देई. फाळ बोथटला तर लोहार तो भट्टीत घालून शेवटून देई. ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, भाग भंगला तर गावात त्यास इलाज नव्हता. पेरणी तोंडावर आलेली असताना अवजार मोडून पडणे म्हणजे त्या कुटुंबाचे वर्ष बुडणे होय. म्हणून शेतकऱ्यास यंत्र विकणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. यंत्र दीर्घकाळ टिकले पाहिजे, आणि जो भाग झिजणारच तो स्वतंत्रपणे बदलता आला पाहिजे. नांगराचा फाळ मातीशी अहोरात्र झगडतो, तेव्हा तो आधी झिजणार हे उघडच आहे. म्हणून लोखंडी नांगरात फाळ हा खिळे काढून बदलता येईल असा निराळा बसवितात. एक स्वस्त भाग झिजून जावा आणि त्याने महाग भागाचे रक्षण करावे, ह्या युक्तीत यंत्रविद्येचे मोठे मर्म साठविलेले आहे.

बेळगावात थोडे स्थैर्य येते न येते तोच दुसरे संकट उभे राहिले. नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस दिली. ह्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावून आले. हे राजे स्वतः चित्रकार व कलांचे मोठे भोक्ते होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली व १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे वसतिस्थान! १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या मोजक्या सोबत्यांसह तेथे उतरले. त्याच ओसाड माळावर जी वसाहत उभी राहिली तिचे नाव किर्लोस्करवाडी.

ह्या वाडीत नांगरांबरोबर उसाचे चरकही होऊ लागले. चरकाचे नाव निघाले की माझे मन बालपणात जाते, आणि ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दाही येथेच येतो.

माझे वडील गावी लोहारकाम करीत. गुऱ्हाळाचा हंगाम चालू असता एके दिवशी चरकाच्या माथ्यावरील दातेरी चाकाचा एक दाता कडकन मोडला. तो चरक कोणत्या कारखान्याचा होता हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. बैल थांबले, तोडलेला ऊस उन्हात वाळू लागला, चुलाणावरील काहिली रिकामी पडली. वडिलांनी बिडाच्या चाकाला पोलादी दाता खिळ्यांनी बसवून कसाबसा तो दिवस निभावला. चार दिवसांनी शेजारचा दाता गेला, मग त्याच्या शेजारचा. हातात एवढे कसब असताना हे चाक वडिलांस दाद का देत नाही, हे कोडे मला पुढे कित्येक वर्षे सुटले नव्हते.

ते कोडे असे आहे. चरकाच्या लाटा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात, आणि बैलांची ताकद एका लाटेकडून दुसरीकडे ह्या दातेरी चाकांनी पोहोचविली जाते. प्रत्येक दाता हा भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखा असतो. खुंटीच्या टोकाशी भार टांगला म्हणजे ती मुळाशी मोडते, तद्वत दाताही मुळाशी मोडतो. दात्याच्या मुळाचा कोपरा जर धारदार राहिला, तर सारा ताण त्या रेषेत एकवटतो व तेथूनच तडा जातो. तोच कोपरा गोलाई देऊन भरला तर त्याच लोखंडाचा दाता पुष्कळ अधिक भार सोसतो. अमेरिकेतील विल्फ्रेड लुइस ह्या अभियंत्याने १८९२ साली दात्याच्या बळकटीचे गणित मांडले ते ह्याच कल्पनेवर.

दुसरी गोष्ट लाटांमधील अंतराची. जाड ऊस लागला की लाटा किंचित दूर सरतात, आणि त्यांबरोबर चाकेही दूर सरून दाते केवळ टोकांशी भिडतात. टोकाशी भिडलेला दाता लवकर मोडणार हे खुंटीच्या दृष्टान्तावरून सहज कळेल. म्हणून चरकाच्या चाकांचे दाते मुद्दाम लांब ठेवावे लागतात, आणि लाटांची बूडपात्रे झिजून आस डळमळू लागले की दात्यांस दोष न देता आधी बूडपात्रे बदलावी लागतात. आमच्या गावच्या चरकात नेमके हेच झाले होते. रोग आसाचा होता आणि आम्ही उपचार दात्यावर करीत होतो!

तिसरी गोष्ट दात्याच्या आकाराची. दाते वाटेल तसे कापले तर चाक धक्के देत फिरते आणि प्रत्येक धक्का घणासारखा बसतो. एखाद्या नळकांड्यावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडीत गेल्यास त्याच्या टोकाची जी वक्ररेषा उमटते, ती दात्याच्या बाजूस दिली तर चाके एकसारख्या गतीने फिरतात, आणि त्यांतील अंतर थोडे कमीजास्त झाले तरी ती गती बिघडत नाही. आयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकातच ह्या वक्ररेषेचा पुरस्कार केला होता. कोठे झोपडीतील बैलचरक आणि कोठे युरोपातील गणिती! परंतु विद्येस दूर व जवळ असे काही नसते.

ह्याखेरीज काही सूक्ष्म युक्त्याही आहेत. लहान चाक मोठ्याहून अधिक फेरे घेते, त्यामुळे त्याचे दाते आधी झिजतात. सबब ते अधिक चिवट धातूचे करावे. दोन चाकांच्या दात्यांच्या संख्या अशा निवडाव्यात की, त्यांना सामाईक अवयव नसावा. एकास २० व दुसऱ्यास ६० दाते असल्यास तोच दाता पुन्हा पुन्हा त्याच दात्यांशी घासतो आणि एकाचा दोष दुसऱ्यात खोल रुतत जातो. ६० ऐवजी ६१ केले म्हणजे प्रत्येक दाता प्रत्येकाशी पाळीपाळीने भिडतो व झीज सर्वत्र सारखी वाटली जाते. वंगण वेळेवर द्यावे आणि धूळ आत जाऊ नये म्हणून चाकांवर झाकण असावे. ह्या गोष्टी सांगावयास क्षुल्लक, पण यंत्राचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढविणाऱ्या आहेत.

आता धातूविषयी. दाता वरून कठीण हवा, म्हणजे तो झिजत नाही. पण आतून मात्र चिवट हवा, म्हणजे तो धक्क्याने तुटत नाही. उत्तम पोलादी चाकांस अशी अंगची कठीणता आजचे कारखाने मोठ्या भट्ट्यांतून शास्त्रोक्त रीतीने आणतात. परंतु ज्ञातिबांधवहो, हे तत्त्व आपल्यास नवे आहे काय? विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देताना धार तेवढी कठीण करावयाची आणि पाठ मऊ राखावयाची, हे आपल्या आज्यापणज्यांस तापलेल्या लोखंडाच्या बदलत्या रंगावरून समजत होते. धातूचे मर्म आपल्या घरी होते. आपल्या घरी नव्हती ती आकृती, मोजमाप आणि गणित. वडिलांनी बसविलेला दाता धातूच्या दृष्टीने उत्तम होता. पण त्याचा वक्र, त्याचे अंतर आणि आसाचा डळमळीतपणा मोजण्याची विद्या त्यांना कोणी दिली नव्हती.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला ह्याच ठिकाणी दिसते. आकृतीची विद्या त्यांच्यापाशी होती, आणि ती घेऊन ते स्वतः भट्टीपाशी गेले. त्यांनी कारागिरास कमी लेखले नाही. खेड्यातील सुतार, लोहार, शेतमजूर, अल्पशिक्षित माणसे त्यांनी जमविली व त्यांच्याकडून मापाचे काम करवून घेतले. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी नांगरांची आवक घटली व देशी नांगरास मागणी आली. परंतु त्याच वेळी लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. त्या अडचणीतही वाडीची भट्टी त्यांनी विझू दिली नाही. १९२० साली पेढीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. १९२६ च्या सुमारास पाणी उपसण्याचे पंप होऊ लागले. त्याच साली त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रसंस्थेची पदवी घेऊन परतले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ यंत्रे करण्याचा उद्योग निघाला. लेथ हे यंत्रांना जन्म देणारे यंत्र होय, आणि त्याचा सारा जीव त्याच्या दातेरी चाकांच्या अचूकपणात असतो. ज्या घराण्याने कडबा कापण्याच्या यंत्रापासून आरंभ केला त्याने पन्नास वर्षांच्या आत तेथवर मजल मारली.

यंत्रांच्या टिकाऊपणाचा विचार करणाऱ्या ह्या पुरुषाने माणसांचाही तसाच विचार केला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मज्जाव केला. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. एका दात्यास कमी प्रतीचा म्हणून चाकातून वगळता येत नाही, कारण एक दाता गेला की चाकच अडते. समाजाचेही तसेच आहे, हे त्यांनी भाषणांतून नव्हे तर आपल्या गावाच्या रचनेतून दाखवून दिले. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. ज्ञातिसंस्था असाव्यात त्या आपल्या मुलांस पुढे ढकलण्यासाठी. दुसऱ्यास दूर ढकलण्यासाठी नव्हेत.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यास लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता थोडे आपल्याविषयी. एक कबुली देणे मला अवश्य वाटते. मला शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा वडिलांस आनंद झाला आणि मलाही झाला. पण माझ्या आनंदात भात्यापासून सुटका झाल्याचा भाग अधिक होता. वडिलांच्या पश्चात त्यांची ऐरण भंगारात गेली. मी शाळेत मुलांस श्रमाची थोरवी शिकवीत राहिलो आणि घरच्या श्रमास मात्र लाजत राहिलो. हा दोष माझ्या एकट्याचा आहे असे मला वाटत नाही. आपल्या गुणगौरव समारंभात कचेरीत वा बँकेत लागलेल्या मुलास पुढच्या रांगेत बसवितात, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून टर्नर वा फिटर होऊन आलेल्या मुलाचे नाव यादीत शेवटी येते. ब्राह्मणाच्या पुत्राने जे काम प्रतिष्ठेचे मानले ते विश्वकर्म्याच्या वंशजांनी कमीपणाचे मानावे, ह्याहून मोठी विसंगती ती कोणती?

म्हणून संघाच्या चालकांस माझी नम्र सूचना अशी की, आपल्या शिष्यवृत्तींपैकी निदान एक तरी यंत्राकृती व ओतकाम शिकणाऱ्या मुलास अथवा मुलीस राखून ठेवावी, आणि ती देताना त्यास सभेच्या पुढच्या रांगेत बसवावे. शीवपासून माटुंग्याची ती संस्था हाकेच्या अंतरावर आहे. तेथे आपल्या ज्ञातीची किती मुले आहेत, ह्याची मोजदाद संघाने एकदा अवश्य करावी.

उन्हाळ्यात शीव-माटुंगा परिसरातील एखाद्या रसवंतीपुढून जाताना घुंगरांचा आवाज ऐकू आला की, मी क्षणभर थांबून त्या यंत्राच्या बाजूची दातेरी चाके पाहतो. तेल असेल, दाते नीट भिडत असतील तर ती निमूट फिरतात. नसेल तर कुरकुरतात. हात आणि आकृती ही अशीच दोन चाके आहेत. ती एकमेकांत नीट बसविण्याचे कार्य लक्ष्मणरावांनी आपल्या आयुष्यात करून दाखविले. आपल्या ज्ञातीत ते आता नव्या पिढीच्या हातून घडो, हीच श्री विश्वकर्म्याचरणी प्रार्थना.